ग्रंथांचा ठसा आणि ख्रिस्ती कल्पनाशक्ती

पोप फ्रान्सिस ह्यांनी १७ जुलै २०२४ ह्या तारखेचे एक पत्र साहित्यवाचनाच्या महत्त्वाविषयी लिहिले. आरंभी ते धर्मगुरुपदाची तयारी करणाऱ्यांसाठीच योजिले होते. पुढे त्यांनी त्याचा रोख सर्वच श्रद्धावंतांकडे वळविला. ह्या पत्रात ते आपल्या तरुणपणीची एक आठवण सांगतात. १९६४-६५ मध्ये अर्जेंटिनातील सांता फे येथे येशूसंघाच्या शाळेत ते साहित्य शिकवीत होते. नेमलेले काव्य होते मध्ययुगीन ‘एल सिद’, आणि मुलांना वाचावयाचा होता गार्सिया लोर्का. शिक्षकाने ‘एल सिद’ घरी वाचण्यास सांगितले व वर्गात मुलांच्या आवडीचे लेखक घेतले. पोपपदावरून लिहिलेल्या पत्रात साठ वर्षांपूर्वीच्या वर्गातील ही तडजोड यावी, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. ह्या पत्राने उपस्थित केलेला प्रश्न आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला लावून पाहावा, असा ह्या लेखाचा हेतू आहे. आपल्या कोणत्या ग्रंथाने वाचकाच्या कल्पनेवर कायमचा ठसा उमटविला, कोणत्या ग्रंथाला ते साधले नाही, आणि ह्या भेदाचे कारण काय?

प्रथम ‘ठसा’ ह्या शब्दाचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे. पुस्तक वाचून वाचकाचे मत बदलते, तो पुस्तकाचा प्रभाव होय. वाचून त्याच्या ज्ञानात भर पडते, तो पुस्तकाचा उपयोग होय. ठसा ह्या दोहोंहून निराळा आहे. अनेक वर्षांनी पुस्तकाचे कथानक विसरते, लेखकाचे प्रतिपादन विसरते, कित्येकदा ग्रंथाचे नावही आठवत नाही. परंतु त्यातील एखादे दृश्य, एखादी वस्तू मनात राहते, आणि पुढे आयुष्यात जे दिसते ते वाचक त्या दृश्यातून पाहू लागतो. लाखेवर मोहोर उठली म्हणजे लाख तीच राहते, पण तिला आकार येतो. कल्पनेचे तसेच घडते.

ख्रिस्तसभेला कल्पनाशक्तीचे भय पूर्वीपासून वाटत आलेले आहे आणि ते सर्वस्वी अस्थानी नाही. संत ऑगस्टीन ह्यांनी आपल्या ‘कबुलीजबाबा’च्या पहिल्याच खंडात स्वतःला दोष दिला आहे. बालपणी व्हर्जिलच्या काव्यातील डायडोच्या मरणासाठी आपण रडलो, पण देवावाचून मरत असलेल्या स्वतःच्या आत्म्यासाठी रडलो नाही, असे ते म्हणतात. तथापि, येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. हे लिहिताना ऑगस्टीन बिशप झालेले होते, चाळिशी ओलांडलेले होते. डायडो अजून त्यांच्या मनातून गेलेली नव्हती. किंबहुना, स्वतःच्या आत्म्याविषयी बोलण्यासाठी त्यांना तिचाच आधार घ्यावा लागला. ह्याच ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात ते सांगतात की एकोणिसाव्या वर्षी सिसेरोच्या ‘हॉर्टेन्सियस’ ह्या ग्रंथाने त्यांच्या इच्छांची दिशाच बदलली. तो ग्रंथ आज संपूर्ण उपलब्ध नाही, त्याचे केवळ तुकडे शिल्लक आहेत. त्याचा ठसा मात्र ऑगस्टीनमधून पंधराशेहून अधिक वर्षे चालत आला आहे.

संत इग्नेशियस लोयोला ह्यांचे उदाहरण आमच्या विषयाला अधिक उपकारक आहे, कारण त्यांनी ठशाची परीक्षा कशी करावी हेही सांगितले. मे १५२१ मध्ये पाम्प्लोना येथील लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि लोयोला येथील घरी ते अनेक महिने अंथरुणाला खिळून राहिले. वेळ घालविण्यासाठी त्यांनी शूर सरदारांच्या अद्भुत कथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या. होते ते लुडोल्फ ह्या संन्याशाने लिहिलेले ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथांचा एक संग्रह. निरुपायाने त्यांनी तेच वाचले, आणि मग वहीत उतारे करू लागले: ख्रिस्ताची वचने तांबड्या शाईने, मरियेची निळ्या शाईने. दोन प्रकारची स्वप्ने त्यांच्या मनात आळीपाळीने येत. सरदारी पराक्रमाची स्वप्ने येताना गोड लागत, पण ओसरल्यावर मन कोरडे राही. संतांच्या मार्गाने जाण्याची स्वप्ने ओसरल्यावरही मन प्रसन्न राही. पुढे ‘आध्यात्मिक साधने’त त्यांनी प्रार्थना करणाऱ्याला शुभवर्तमानातील स्थळ डोळ्यांपुढे आणावयास सांगितले, त्याचे मूळ ह्या आजारपणातील वाचनात आहे. समीक्षेच्या दृष्टीने ह्यातून एक कसोटी हाती येते. पुस्तक वाचताना काय वाटले ह्यापेक्षा ते मिटल्यानंतर मनात काय उरले, हे पाहावे. ह्या कसोटीवर आता आपण आपले ग्रंथ पाहू.

इग्नेशियस ह्यांच्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास उतरले. जन्माने इंग्रज असलेल्या ह्या धर्मगुरूने साष्टीच्या ख्रिस्ती लोकांसाठी मराठी ओवीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत प्रथम छापले गेले. दोन पुराणे मिळून त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. ह्या ग्रंथाच्या आरंभी जो प्रसंग आहे तो आमच्या मते संपूर्ण मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा उगम होय. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना म्हणतो की आमची जुनी पुराणे आम्हांस वर्ज्य झाली, तेव्हा त्यांच्या जागी आम्हांस आमच्या भाषेत काही द्यावे. ही मागणी धर्मज्ञानाची नाही. प्रश्नोत्तरांची पुस्तके त्यांना मिळतच होती. श्रवणाची सवय असलेल्या समाजाच्या कल्पनेतील सारे चित्र एका फटक्याने पुसले गेले होते आणि ती रिकामी भिंत त्यांना सहन होत नव्हती, हे त्या मागणीचे मर्म आहे. स्टीफन्स ह्यांनी ते ओळखले. त्यांनी ओवी घेतली, पुराणाची बैठक घेतली, मधूनमधून शंका विचारणारे श्रोते घेतले, स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्दही घेतला. पैठणचे एकनाथ ज्या श्रोत्यांसाठी लिहीत होते, तशाच श्रोत्यांसाठी त्यांनी लिहिले.

ह्याचा परिणाम कित्येक पिढ्या टिकला. पुराण देवळांत आणि घरांत गायले जाई. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकभाषा टाकून पोर्तुगीज स्वीकारण्याचा हुकूम काढला. त्यानंतरही ओव्या कंठात राहिल्या. १७८४ साली टिपूने मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणास नेले, तेथेही ह्या ओव्यांनी त्यांना धीर दिला अशी त्या समाजाची परंपरा सांगते. मंगळूरलाच १९०७ साली सालढाणा ह्यांनी ते पुन्हा छापले. देवनागरीत शांताराम बंडेलू ह्यांची आवृत्ती १९५६ साली व फादर कारिदाद द्रागो ह्यांची १९९६ साली निघाली. असे असूनही आज आपल्या सुशिक्षित वर्गाला ह्या ग्रंथातील परिचय आहे तो मराठी भाषेची स्तुती करणाऱ्या थोड्या ओव्यांचा. त्या पाठ्यपुस्तकांत आहेत, सभांतून म्हटल्या जातात, आणि ज्यासाठी ग्रंथ लिहिला ते ख्रिस्तकथन बहुतेकांनी ऐकलेलेही नसते. ग्रंथाची कीर्ती आणि ग्रंथाचा ठसा ह्यांत अंतर असते ते असे. पाठ्यपुस्तकाने कीर्ती सांभाळली. ठसा सांभाळणारी गायनाची प्रथा होती, ती गेल्याबरोबर तोही फिकट झाला.

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे दुसऱ्या प्रकारचे लेखन सुरू झाले. बाबा पदमनजी ह्यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा मान मोठा आहे, आणि विधवांच्या दुःखाला त्या काळी गद्यकथेत वाचा फोडणे हे धैर्याचे काम होते. ज्या वर्षी ती निघाली त्याच्या अवघे एक वर्ष आधी, १८५६ साली, विधवाविवाहाचा कायदा झाला होता. यमुना आपल्या पतीबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणी विधवांच्या हकीकती ऐकते, पुढे स्वतः विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुनर्विवाह करते. आता इग्नेशियस ह्यांची कसोटी लावावी. पुस्तक मिटल्यावर वपनाच्या भयाने व्याकूळ झालेल्या मुली, घराच्या कोपऱ्यात टाकलेल्या बाया आठवतात. विनायकाची आणि इतरांची दीर्घ संभाषणे आठवत नाहीत. जेथे बाबा पदमनजी पाहतात तेथे वाचकही पाहतो. जेथे ते सिद्ध करू लागतात तेथे वाचक त्यांच्याशी सहमत होतो आणि पान उलटतो. ह्यात त्यांच्या निष्ठेचा दोष नाही. वाचकाने कोणत्या निष्कर्षास यावे हे त्यांनी आधीच ठरविले होते आणि तेथवर त्याला ते स्वतः हात धरून नेत होते. अशा रीतीने नेलेल्या माणसाला वाट लक्षात राहत नाही.

हेतू प्रचाराचा असल्यामुळे असे झाले, असा निष्कर्ष कोणी काढील. तो आम्हांस मान्य नाही. ‘क्रिस्तपुराण’ही शिकविण्यासाठीच लिहिलेले होते. दोहोंतील फरक श्रोत्याविषयीच्या विश्वासाचा आहे. स्टीफन्स ह्यांनी श्रोत्याच्या कानाला परिचित असलेला छंद व परिचित शब्द घेऊन त्याला बसावयास जागा दिली आणि शंका विचारण्याची मुभा दिली.

शुभवर्तमानाच्या वाचनाने ज्यांचे जीवन बदलले अशा दोन मराठी व्यक्तींकडे पाहिले म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे रेल्वेने जात असता एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि वाचण्याचे वचन घेतले. पर्वतावरील प्रवचनापर्यंत पोहोचल्यावर टिळकांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ते कवी होते, आणि रानातील फुले, आकाशातील पाखरे ह्यांच्याकडे बोट दाखवून बोलणारा गुरू त्यांना ह्या पुस्तकात भेटला. पंडिता रमाबाईंची गोष्ट वेगळी आहे. बंगाल-आसामकडे असताना पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूकचे शुभवर्तमान मिळाले होते व ते त्यांना आवडलेही होते. परंतु निर्णायक क्षण पुढे आला. १८८३ मध्ये इंग्लंडमधील फुलहॅम येथे, पतित मानलेल्या स्त्रियांना आधार देणारे धर्मभगिनींचे काम त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. हे कशामुळे घडते असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. योहानाचा तो चौथा अध्याय त्या क्षणी त्यांच्या मनात उतरला, कारण त्या विहिरीवरची स्त्री त्यांनी आताच डोळ्यांनी पाहिली होती. नेहेमिया गोरे ह्यांच्यासारख्या प्रकांड पंडिताच्या युक्तिवादांनी रमाबाईंच्या बुद्धीला पुष्कळ साह्य केले. ठसा उमटला तो एका कथेचा, आणि तोही आधी पाहिलेल्या गोष्टीला त्या कथेने अर्थ दिला म्हणून. ग्रंथ कोऱ्या मनावर काही लिहीत नाही. वाचकाने आधीच पाहिलेल्या, हाताळलेल्या, कदाचित लाजेने झाकून ठेवलेल्या वस्तूवर तो प्रकाश पाडतो.

ह्या दृष्टीने लक्ष्मीबाई टिळकांच्या दोन ग्रंथांची तुलना उद्बोधक ठरते. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले आणि पहिले दहा-अकरा अध्याय लिहून ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले. उरलेले साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रीने एवढे काव्य रचावे हे अद्भुतच होय. विषय प्रत्यक्ष ख्रिस्ताचा, भक्ती निस्सीम. तरीही हे काव्य आज किती घरांत वाचले जाते? ह्याच लेखणीतून, जवळपास त्याच वयात, ‘स्मृतिचित्रे’ उतरले. त्याचा पहिला भाग १९३४ साली पुस्तकरूपाने आला. ह्या पुस्तकात ख्रिस्ताविषयी उपदेश जवळजवळ नाही. त्यात स्वयंपाकघर आहे, प्लेगची धास्ती आहे, पैशाची चणचण आहे, नवऱ्याचा विक्षिप्त उदारपणा आहे, आणि स्वतःला हसण्याची लक्ष्मीबाईंची अपूर्व शक्ती आहे. पण वाचकाच्या मनात ख्रिस्ती जीवन म्हणजे काय ह्याचे चित्र उमटविण्यात ‘स्मृतिचित्रे’ ‘ख्रिस्तायना’च्या पुष्कळ पुढे गेले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ह्याचे कारण पुस्तकाच्या पहिल्या पानांतच सापडते. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली पाहिजे, हा त्यांचा दंडक, आणि तो निभावताना घरातील बायकांचे होणारे हाल. लक्ष्मीबाई हे कडवटपणाने सांगत नाहीत. वडिलांविषयीची मायाही सोडीत नाहीत. पाणी मात्र वाचकाच्या मनात साचत राहते. पुढे टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षे लक्ष्मीबाईंच्या मनात जो झगडा चालला, तोही बराचसा पाण्याभोवतीच फिरतो. कोणाच्या हातचे प्यावे, कोणाच्या हातचे पिऊ नये? मनुष्यामनुष्यांतील हा भेद माणसाने केलेला आहे, देवाने नव्हे, असा एका रात्री विचार करून त्यांनी सोवळे मनातून काढून टाकले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो त्यानंतर. स्नानसंस्काराच्या ईशज्ञानावर आपल्या सेमिनऱ्यांतून अनेक व्याख्याने होतात; धुण्याच्या पाण्यापासून बाप्तिस्म्याच्या पाण्यापर्यंतचा हा प्रवास त्यांत क्वचितच येतो. लक्ष्मीबाई तो कोठेही ‘समजावून’ सांगत नाहीत. दोन पाण्यांमधील नाते वाचक स्वतः जोडतो, आणि स्वतः जोडलेले म्हणून ते तुटत नाही. ‘ख्रिस्तायना’त हे होऊ शकले नाही, कारण तेथे कथा वाचकाला आधीच ठाऊक असते आणि भक्तीने नतमस्तक झालेली कवयित्री तिच्यात ढवळाढवळ करण्यास धजत नाही.

हे केवळ आमच्या अभिरुचीचे मत नव्हे, हे दाखविण्यासाठी आम्हांस हैदराबादेत आलेला एक अनुभव नमूद करावासा वाटतो. मनमाडहून जालना, परभणी, नांदेड ह्या गावांवरून येणारी रेल्वे काचीगुड्यास पोहोचते, आणि १९१६ साली बांधलेल्या त्या स्थानकाच्या शेजारीच बरकतपुरा आहे. मराठवाडा जेव्हा निजामाच्या राज्यात होता तेव्हापासून नोकरीशिक्षणासाठी मराठी कुटुंबे ह्या बाजूस येत राहिली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला. ही कुटुंबे येथेच राहिली. त्यांत काही ख्रिस्तीही आहेत. त्यांच्या नातवंडांची शाळेची भाषा इंग्रजी, रस्त्यावरची तेलुगू आणि दखनी, आणि मराठी केवळ घरात, तीही आजीशी बोलण्यापुरती. बरकतपुऱ्यातील अशा काही घरांत महिन्यातून एकदा जमून मोठ्याने वाचन करण्याचा प्रघात आम्ही पाडला आहे. वर ज्या ग्रंथांची चर्चा केली ते तिन्ही तेथे वाचून झाले.

‘यमुनापर्यटन’ सर्वांनी आदराने ऐकले आणि त्याविषयी चर्चाही चांगली झाली. दोन महिन्यांनी कोणाला त्यातील फारसे आठवत नव्हते. ‘क्रिस्तपुराणा’तील ओव्या आम्ही वाचू लागलो तेव्हा तरुणांना शब्द अडले. तेवढ्यात जालन्याकडच्या एका वृद्ध बाई म्हणाल्या, “फादर, हे वाचायचं नसतं, म्हणायचं असतं,” आणि जात्यावरच्या ओवीच्या चालीवर त्यांनी त्या म्हणून दाखविल्या. अर्थ पूर्वीइतकाच अवघड होता. ऐकणे मात्र सोपे झाले. ‘स्मृतिचित्रे’च्या वेळी वाचन दोनदा थांबवावे लागले, कारण लोक हसत होते. सोवळ्याचा भाग चालू असता एका तरुण मुलीने, जिला देवनागरी अडखळत वाचता येते, आजीला हळूच विचारले, “मग काय, मीठसुद्धा धुवायचे?”

ह्यानंतर काही आठवड्यांनी उपासनेत मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय आला. हात न धुता जेवणाऱ्या शिष्यांवर परूशी आक्षेप घेतात, आणि पेले, घागरी, पितळी भांडी धुण्याच्या त्यांच्या परंपरांचा उल्लेख होतो. ह्या अध्यायावर आम्ही अनेकदा प्रवचन केले आहे. त्या दिवशी उपासनेनंतर ती मुलगी म्हणाली, “हे तर लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं घर आहे.” परूशी म्हणजे ढोंगी, एवढेच ती आजवर शिकली होती. आता तिला त्यांच्यामागे एक भ्यालेला माणूस दिसला, ज्याच्यावर काही आघात झाला आहे आणि जो भांडी धुऊन जग पुन्हा सुरक्षित करू पाहत आहे. तिने पुढे विचारले, येशू त्यांच्यावर रागावला होता की त्याला त्यांची कीव आली होती? आम्हांस त्याचे उत्तर तत्काळ देता आले नाही, आणि ते न देता आले हेच बरे झाले, असे आम्ही समजतो.

गोष्ट येथेच थांबली नाही. ओव्या म्हणणाऱ्या त्याच वृद्ध बाई म्हणाल्या की धुणे फक्त ब्राह्मणाघरी होते असे नाही. आपल्या लहानपणी गावच्या ख्रिस्ती मंडळीतही कोणी कोणाच्या घरी पाणी प्यावे ह्याचा अलिखित नियम होता, आणि प्रभुभोजनाला कोण कोठे बसे हेही ठरलेले असे. खोलीत शांतता पसरली. ख्रिस्तसभेतील जातिभेदावर परिपत्रके आणि ठराव आपण पुष्कळ वाचतो. त्या दिवशी तो विषय कोणी ठरवून काढला नव्हता. नव्वद वर्षांपूर्वी लिहिलेल्या एका पुस्तकातील पाणी वाहत वाहत तेथवर आले होते. हा पुस्तकाचा ठसा. तो वाचकाला सुखावतोच असे नाही.

ह्यावर एक आक्षेप घेतला जाईल. कल्पनेला एवढे महत्त्व दिले तर सिद्धान्ताचे काय? चित्रे दिशाभूलही करतात. शुभवर्तमानातील परूशी हा आजारी बापासारखा दिसू लागला, तर येशूच्या शब्दांची धार बोथट होणार नाही काय? आक्षेप गंभीर आहे, आणि म्हणूनच समीक्षेची गरज आहे. सिद्धान्त अनावश्यक आहे असे आमचे म्हणणे नाही. त्याचे काम चित्रांची पारख करण्याचे आहे. चित्रांची जागा तो घेऊ शकत नाही. इग्नेशियस ह्यांनी आपली स्वप्ने मोडून टाकली नाहीत. त्यांतील कोणते ओसरल्यावर काय उरते हे धीराने पाहिले. ऑगस्टीन ह्यांनी डायडोला दोष दिला, पण तिला विसरले नाहीत. आणि स्वतः प्रभूने देवाचे राज्य काय आहे ह्याची व्याख्या कोठे केली नाही; खमीर, जाळे, हरवलेले नाणे ह्यांच्याशी त्याची तुलना केली व श्रोत्यांना घरी जाऊ दिले. शब्द देही झाला, असे आपण मानतो. मग जो शब्द वाचकाच्या घरातील घागरीपर्यंत, उंबरठ्यापर्यंत, जात्यापर्यंत पोहोचत नाही, त्याने आपले काम पुरे केले असे आपणांस म्हणता येणार नाही.

आज आपल्यापुढे जी अडचण आहे ती साष्टीच्या त्या ब्राह्मणाच्या अडचणीची सख्खी बहीण आहे. त्याची पुराणे हुकुमाने गेली. बरकतपुऱ्यातील, तशीच पुण्यामुंबईतील मुलांची पुराणे भाषेबरोबर निसटत आहेत. कोणी बंदी घातलेली नाही, म्हणून कोणी तक्रारही करीत नाही. परंतु कल्पना रिकामी राहत नाही. दूरदर्शन संच आणि हातातला फोन ती भरून काढतात, आणि त्या चित्रांपैकी कोणती ओसरल्यावर मन कोरडे होते हे त्या मुलांना विचारणारे कोणी नसते. अशा वेळी आपण त्यांच्या हाती काय देतो? बहुधा निष्कर्षांची पुस्तिका देतो, आणि ती पाठ झाली नाही म्हणून हळहळतो.

आमच्या सूचना साध्या आहेत. सेमिनरीच्या पहिल्या वर्षी ‘स्मृतिचित्रे’ सबंध वाचले जावे आणि तेही मोठ्याने, एकत्र बसून. त्यावर परीक्षा नसावी. ‘क्रिस्तपुराणा’चे निवडक प्रसंग चालीवर म्हणण्याची प्रथा पुन्हा सुरू व्हावी, फादर नेल्सन फलकाव ह्यांनी २००९ साली त्याचा आजच्या मराठीत अर्थ दिलेला असल्यामुळे शब्दांची अडचण आता सबब होऊ शकत नाही. धर्मग्रामात ज्यांना जुन्या चाली येतात अशा वृद्ध स्त्रियांना ह्या कामी गुरुस्थानी बसवावे. ज्यांना देवनागरी येत नाही त्यांना प्रथम लिपी शिकविण्याचा आग्रह न धरता ऐकवावे. ऐकलेले आवडले तर लिपी ती मुले स्वतः शिकतील. आणि नव्या ग्रंथाचे परीक्षण लिहिताना, त्यातील ईशज्ञान निर्दोष आहे काय ह्या प्रश्नानंतर आणखी एक प्रश्न आपण ह्या पत्रिकेत नेमाने विचारावा: हे पुस्तक मिटून महिना झाला, आता त्यातील काय दिसते?

२०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद येथे, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांना मिळाले. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले. एका ख्रिस्ती धर्मगुरूला मराठी साहित्याने आपल्या घरात वडीलकीच्या जागी बसविले, ह्याचा आपणां सर्वांना रास्त अभिमान आहे. तो मान राखावयाचा तर आपल्या मुलांच्या मनात मराठी ग्रंथांतील काही दृश्ये जिवंत असली पाहिजेत. बरकतपुऱ्यातील वाचन चालू आहे. पुढील महिन्यात ‘स्मृतिचित्रे’चा दुसरा भाग घ्यावयाचा आहे, आणि त्यातील पहिले पान वाचण्याचे त्या मुलीने मान्य केले आहे.